रक्तात असते म्हणे!

दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉलचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते : “त्यांच्या रक्तातच आहे हो ते!” सकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये ऐका, ठाण्याच्या तलावपाळीवर ऐका, नाही तर कल्याणच्या सुभाष मैदानाच्या कडेला उभे राहून ऐका, माणसे बदलतात, वाक्य तेच राहते. बोलणाऱ्याच्या स्वरात कौतुक असते हे खरे, पण त्या कौतुकाच्या तळाशी सुटकेचा एक निःश्वासही असतो. त्यांच्या रक्तात आहे, म्हणजे आपल्या रक्तात नाही. आणि रक्तावर कुणाचा काय इलाज? प्रश्न मिटला. चहा मागवा.

मी वस्तुतः नाटकांवर लिहिणारा माणूस. गडकरी रंगायतन, अत्रे रंगमंदिर आणि आमचे फुले कलामंदिर या त्रिस्थळी यात्रेत माझ्या बऱ्याच संध्याकाळी गेल्या आहेत. या परिसरातल्या रसिकांची एक सवय मला तिथेच कळली. एखाद्या नटाने भूमिका जिंकली की लोक म्हणतात, “उपजतच आहे!” गवयाला दाद देताना म्हणतात, “गळाच देवाने दिलेला!” देवाने गळा दिला असेलही, परंतु पहाटे उठून तासन्‌तास षड्ज लावत बसायचे काम देवाने केले नव्हते, ते त्या गवयालाच करावे लागले होते. “उपजत” म्हटले म्हणजे त्याच्या कष्टांचा हिशेब आपण एका शब्दात बुडवतो. नाटक-संगीतात हे पाप थोडेबहुत खपून जाते, कारण तिथे गुरूचे नाव विचारण्याची रीत अजून शिल्लक आहे. फुटबॉलच्या बाबतीत मात्र ब्राझीलचा, अर्जेंटिनाचा, कोलंबियाचा गुरू कोण, असे कुणी विचारतच नाही. सांबा, जादू, नृत्य, मोहिनी असे चार शब्द उधार आणायचे आणि सामन्याच्या वर्णनावर शिंपडायचे, एवढ्यावर आपले रसग्रहण आटोपते.

तो गुरू कोण असावा, याचा विचार करायला मला नेरूळने लावले. होय, आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या नेरूळने!

३० ऑक्टोबर २०२२, रविवार. भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते. घरोघर डब्यांच्या तळाशी चकल्यांचा चुरा तेवढा उरला होता. डोंबिवलीहून निघायचे, ठाण्याला गाडी बदलायची आणि नेरूळला उतरायचे, स्टेशनापासून डी. वाय. पाटील स्टेडियम चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे त्या रात्री सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषक स्पर्धेचा अंतिम सामना होता, स्पेन विरुद्ध कोलंबिया. क्रिकेटसाठी या मैदानावर लोटणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो प्रेक्षकवर्ग विरळ वाटला असता. पण आलेले लोक मनापासून आलेले होते. पुष्कळ घरांतले आईवडील मुलींना घेऊन आले होते, आणि त्या मुलींपैकी कित्येकींच्या अंगात शाळेच्या किंवा क्लबच्या संघाचे सदरे होते.

कोलंबियाचा हा संघ स्पर्धेच्या आरंभी याच मैदानावर याच स्पेनकडून १-० असा हरला होता. तिथून सावरून त्यांनी गोव्यात टांझानियाला ३-० असे हरवले, उपान्त्य सामन्यात नायजेरियाशी गोलशून्य बरोबरी केली आणि पेनल्टींवर ६-५ अशी बाजी मारून त्या पुन्हा नेरूळला परतल्या होत्या. सामना मी नाटक पाहतो तसा पाहिला, म्हणजे ज्याच्या हाती संवाद नाही तो नट रंगमंचावर काय करतो आहे तिकडे लक्ष ठेवून. चेंडू बहुधा स्पेनच्या पायांत. त्यांचे ते छोटे छोटे पास, तिघीतिघींचे त्रिकोण. एखाद्या सुगृहिणीने घर आवरावे तसे त्या मैदान आवरीत होत्या. कोलंबियाच्या मुली मात्र चेंडू नसताना अधिक प्रेक्षणीय होत्या. कुठे दाटी करायची, कुठली वाट मुद्दाम मोकळी सोडायची, चेंडू सुटला रे सुटला की कुणी धाव घ्यायची, हे त्या सतरा वर्षांच्या आतल्या पोरींना पाठ होते. आणि पाठ असणे ही रक्ताची गोष्ट नव्हे. पाठांतराला शाळा लागते.

सामना संपायला आठ मिनिटे असताना चेंडू कोलंबियाच्याच आना गुझ्मानला लागून स्वतःच्या जाळ्यात गेला. १-०. स्पेन पुन्हा जगज्जेते झाले. बचाव करणारीच्याच पायाने सामना हरावा, याहून क्रूर शेवट एखाद्या नाटककाराने लिहिला असता तर मी त्याला “ओढूनताणून आणलेला” म्हणून धारेवर धरला असता. जीवनाला ही सूट द्यावी लागते. फुटबॉलला तर द्यावीच लागते.

कोलंबियाच्या डाव्या बाजूला लिंडा काइसेदो खेळत होती. हिच्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण माझा सारा मुद्दा तिच्यापाशी येऊन थांबतो.

नेरूळच्या त्या रात्रीच्या बरोबर तीन महिने आधी, ३० जुलै २०२२ रोजी, हीच मुलगी कोलंबियातल्या बुकारामांगा शहरी दक्षिण अमेरिकेच्या महिला अजिंक्यपद स्पर्धेचा अंतिम सामना खेळली होती. तो सामना मुलींचा नव्हता, थोरल्यांचा होता. समोर ब्राझील. देबिन्याने पेनल्टीवर केलेल्या एकमेव गोलाने ब्राझील जिंकले, पण स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती या सतरा वर्षांच्या काइसेदोची. त्यानंतर ती वीस वर्षांखालील विश्वचषकासाठी कोस्टारिकाला गेली, आणि मग नेरूळला आली. तीन महिन्यांत तीन स्पर्धा, तीन वयोगट, तीन खंडप्राय अंतरे! आपल्याकडे या वयाच्या मुलीला दहावी-बारावीच्या धास्तीने खेळाच्या मैदानावरून घरी बोलावलेले असते. तिच्या मागे आणखी एक गोष्ट होती. पंधरा वर्षांची असताना तिला अंडाशयाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया आणि उपचार सोसून ती परत उभी राहिली. वर्तमानपत्रांनी या कथेचा पुरेसा उपयोग करून घेतला आहे. मी अधिक काही लिहीत नाही. मला तिचा खेळ पाहायचा आहे.

तो कसा आहे? चेंडू ती डाव्या कडेला घेते, आणि घेताना जवळजवळ थांबते. समोरच्या बचावपटूला वाटते, आता हिला अडवलेच. त्या क्षणभराच्या वाटण्यावर तिचा सारा खेळ उभा आहे. सिडनीला ३० जुलै २०२३ रोजी, थोरल्यांच्या विश्वचषकात, जर्मनीविरुद्ध तिने जो गोल केला तो ज्यांनी पाहिला असेल त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. गोलक्षेत्रात चेंडू तिच्याकडे आला तेव्हा पुढे दोघीजणी होत्या. तिने चेंडू उजव्या पायाने एकदा ओढला, त्या दोघींच्या मधून शिरली आणि त्याच पायाने तो असा वळवून मारला की गोलरक्षिकेची झेप केवळ शोभेची ठरली. पुढे जर्मनीने बरोबरी केली आणि अगदी अखेरच्या क्षणी वानेगासच्या डोक्याने कोलंबिया २-१ ने जिंकले, हे सर्व खरे. पण मनात राहतो तो तिचा क्षणभर थांबण्याचा खेळ. चांगला नट संवादाआधी जे थांबतो, तेच हे. आणि असे थांबायला नटाला समोरच्या प्रेक्षकांचा शेकडो प्रयोगांचा अनुभव असावा लागतो. नवशिका थांबत नाही. तो घाईघाईने वाक्य म्हणून मोकळा होतो.

आता त्या “रक्ता”चा इतिहास थोडा तपासू. दक्षिण अमेरिकेची ही अजिंक्यपद स्पर्धा पहिल्यांदा भरली १९१६ साली, ब्युनॉस आयर्स येथे. उरुग्वे, अर्जेंटिना, ब्राझील आणि चिली असे चारच संघ. उरुग्वेने चिलीचा ४-० असा फडशा पाडला, त्यात इसाबेलिनो ग्रादीन या कृष्णवर्णी खेळाडूचे दोन गोल होते. हरलेल्या पक्षाने तक्रार काय करावी? तर उरुग्वेने दोन “आफ्रिकन” खेळवले! ग्रादीन आणि त्याचा सहकारी हुआन देल्गादो हे दोघेही उरुग्वेचेच नागरिक. म्हणजे रक्ताची भाषा या स्पर्धेच्या जन्माबरोबर आलेली आहे, आणि ती पहिल्यांदा वापरली गेली ती कौतुकासाठी नाही, माणसाला बाहेर काढण्यासाठी. “त्यांच्या रक्तात आहे” हे वाक्य आपण दुसऱ्या टोकाने धरतो इतकेच. सुरी तीच.

ब्राझीलची कथा तर याहून बोलकी आहे. ज्या देशाच्या रक्तात फुटबॉल आहे असे आपण शपथेवर सांगतो, त्या देशाने १९४१ साली हुकूम काढून स्त्रियांना त्यांच्या “प्रकृतीशी विसंगत” असे खेळ खेळण्याची मनाई केली. १९६५ मध्ये फुटबॉलचे नाव घेऊन ती मनाई पक्की करण्यात आली, आणि ती उठली १९७९ मध्ये. अडतीस वर्षे! रक्तातच होते तर कायदा कशासाठी केला? आणि कायदा असताना ते रक्त कुठे गेले होते? त्या काळात चोरून खेळणाऱ्या बायका होत्याच. पण चोरून खेळणाऱ्यांची परंपरा होत नाही. तिला स्पर्धा नसते, पंच नसतो, नोंद नसते. थोरलीने केलेली युक्ती धाकटीपर्यंत पोहोचत नाही. स्त्रियांची दक्षिण अमेरिकी स्पर्धा सुरू झाली ती १९९१ साली. पुरुषांच्या मागून पंचाहत्तर वर्षांनी. तेव्हा मार्ता ही ब्राझीलची पुढे जगप्रसिद्ध झालेली खेळाडू पाच वर्षांची होती.

आणि इथेच मला गुरूचा पत्ता लागला असे वाटते. पुरुषांची स्पर्धा पाहा. १९१६ ते १९२९ या चौदा वर्षांत ती बारा वेळा झाली. आगबोटीने, आगगाडीने, डोंगर ओलांडून हे लोक एकमेकांकडे जात राहिले. एकमेकांच्या खोड्या त्यांना तोंडपाठ झाल्या. अर्जेंटिनाची एक युक्ती यंदा चालली तर पुढच्या वर्षी उरुग्वे तिच्यावर तोड काढून येणार, आणि मग अर्जेंटिनाला दुसरी शोधावी लागणार. संगीतातली घराणी अशीच तयार झाली. शेजारच्या गवयाची तान ऐकून, तिचा राग येऊन, तिच्याहून निराळी तान शोधून. आज विश्वचषकाच्या पात्रतेसाठीसुद्धा तिथले दहाही देश प्रत्येकाशी घरी एक आणि दारी एक असे अठरा सामने खेळतात. भांडकुदळ शेजाऱ्यांची ही चाळ आहे. शैली त्या चाळीत जन्मली.

या शेजारधर्माचा सर्वांत अलीकडचा आणि माझ्या मते सर्वांत सुंदर प्रयोग २ ऑगस्ट २०२५ रोजी इक्वाडोरच्या राजधानीत, कीतो येथे झाला. पुन्हा ब्राझील, पुन्हा कोलंबिया, पुन्हा अंतिम सामना. आपल्याकडे ३ ऑगस्ट उजाडायचा होता. मी तो सामना मागाहून दोनदा, सावकाशपणे पाहिला. कीतो शहर समुद्रसपाटीपासून अठ्ठावीसशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. माथेरानच्या चढाला ज्यांना धाप लागते त्यांनी कल्पना करावी. माथेरान आठशे मीटरांवर आहे! अशा विरळ हवेत या बायका पूर्ण वेळ आणि वर जादा वेळ धावल्या. पहिला गोल काइसेदोचा. मग बरोबरी, पुन्हा कोलंबिया पुढे, पुन्हा बरोबरी. नव्वद मिनिटे संपत आली तेव्हा कोलंबियाकडे ३-२ अशी आघाडी होती. तोपर्यंत कोलंबियाला ही स्पर्धा एकदाही जिंकता आली नव्हती, तीन वेळा त्या दुसऱ्या आल्या होत्या. आणि ब्राझीलने शेवटी मैदानात आणले कोणाला? एकोणचाळीस वर्षांच्या मार्ताला.

२०२२ च्या बुकारामांगाच्या सामन्यात मार्ता दुखापतीमुळे नव्हती. राष्ट्रीय संघाचा निरोप घेतल्यासारखे करून ती परत आली होती. घड्याळात नव्वदाच्या पुढची सहा मिनिटे झाली असताना तिने लांबून चेंडू जाळ्यात मारला. ३-३. जादा वेळात तिनेच पुन्हा गोल केला. ४-३. वाटले, संपले, म्हातारीने मैफल मारली. तर कोलंबियाच्या लेसी सांतोसने फ्री किकवर असा काही चेंडू वळवला की पुन्हा ४-४! पेनल्टींवर ब्राझील ५-४ असे जिंकले. आणि मौज अशी की त्या पेनल्टींत मार्ताचा फटका अडवला गेला होता.

या सामन्याचे परीक्षण करायचे तर माझी एक तक्रार आहे. बचाव दोन्हीकडे ढिसाळ होता. आठ गोलांतले निदान तीन चांगल्या बचावफळीने होऊ दिले नसते. “अविस्मरणीय” म्हणून डोळे मिटून घेणाऱ्यांत मी नाही. पण दमलेल्या पायांनी, हवेला महाग झालेल्या छातीने, एकीने केलेल्या करामतीला दुसरीने दहा मिनिटांत उत्तर द्यावे, ही जुगलबंदी उपजत होत नाही. या दोन संघांनी एकमेकांना इतक्या वेळा पाहिले होते, इतक्या वेळा दुखावले होते, की प्रत्येकीला दुसरीचे मन वाचता येत होते. काइसेदोच्या थांबण्याला ब्राझीलच्या बचावपटू फसत नव्हत्या, म्हणून तिला त्या दिवशी आधी धावावे लागले. शैली बदलते ती अशी.

तिकडे सारे आलबेल आहे असे मात्र कोणी समजू नये. त्याच कीतोच्या स्पर्धेत आरंभी संघांना सामन्यापूर्वीचा सराव मैदानावर करू देत नव्हते. दोन-दोन संघ एका कोंदट खोलीत अंग मोकळे करीत होते. ब्राझीलच्या खेळाडूंनी जाहीरपणे बोंब मारली तेव्हा ते थांबले. २०२२ मध्ये काइसेदो आणि तिच्या सोबतिणी अंतिम सामन्यापर्यंत पोहोचल्या, त्याच वर्षाच्या उत्तरार्धात त्यांच्या देशातली महिला लीग झालीच नाही, आणि त्याविरुद्ध त्यांना आवाज उठवावा लागला. रक्ताचे गोडवे गाणारे त्यांच्याकडेही आहेत. पैसे देणारे कमी आहेत.

आता आपल्या अंगणात येऊ. याच २०२२ मध्ये, जानेवारीत, याच नेरूळच्या मैदानावर आशिया खंडाच्या महिला अजिंक्यपद स्पर्धेत भारताचा संघ उतरला होता. साथीचे दिवस, स्टेडियम रिकामे. २० जानेवारीला इराणशी सामना झाला, ०-०. तो सामना मी घरी पाहिला आणि मला चिडायला झाले. चेंडू आपल्याकडे, चढाया आपल्या, आणि गोल नाही! मात्र कशामुळे नाही हे पाहण्यासारखे होते. आपल्या मुली गोलक्षेत्राच्या तोंडाशी पोहोचत, आणि तिथे पोहोचल्या की नवशिक्या नटासारखी घाई करीत. काइसेदो जिथे थांबते तिथे आपल्या मुली चेंडू टाकून मोकळ्या होत. धावण्यात कमी नव्हत्या, धीटपणात नव्हत्या. उणीव होती ती प्रयोगांची संख्या फार थोडी असण्याची.

तीन दिवसांनी, २३ जानेवारीला, चायनीज तैपेईशी सामना होता. संघात इतक्या जणींना कोविडची बाधा झाली की नियमाने लागणाऱ्या तेराजणीही उभ्या करता आल्या नाहीत. सामना झाला नाही. भारताने स्पर्धेतून माघार घेतल्याचे धरले गेले. यजमानीणबाईच पंगतीतून उठल्या! त्या मैदानावर पुढे ६ फेब्रुवारीला चीनने दक्षिण कोरियाला दोन गोल मागे असताना ३-२ असे हरवले. आपण २००३ नंतर पहिल्यांदा या स्पर्धेत आलो होतो, आणि आपल्या वाट्याला एक सामना आला. याच स्पर्धेत १९८० मध्ये, कालिकतला, आणि पुन्हा १९८३ मध्ये आपण उपविजेते होतो हे किती जणांना ठाऊक आहे? तेव्हाचे रक्त निराळे होते काय?

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपल्या सतरा वर्षांखालील मुली भुवनेश्वरला अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ अशा हरल्या, तेव्हा लोकलमध्ये ते वाक्य पुन्हा ऐकू आले. या मुलींना परदेश दौरे घडवले होते, विदेशी प्रशिक्षक दिला होता. पण दौरा म्हणजे स्पर्धा नव्हे. शिकवणी लावली म्हणून शाळा बुडवता येत नाही. इथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. कोलंबियाची व्यावसायिक महिला लीग सुरू झाली २०१७ च्या फेब्रुवारीत. आपली इंडियन विमेन्स लीगही त्याच सुमाराला, जानेवारीच्या अखेरीस सुरू झाली. त्यांच्याकडे अठरा संघ, आणि स्पर्धा जूनपर्यंत चाललेली; बोगोताच्या अंतिम सामन्याला तीस हजारांवर प्रेक्षक. आपल्याकडे दिल्लीला सहा संघ, आणि अडीच आठवड्यांत सारे आटोपले. एकाच सुमाराला पेरलेली ही दोन बियाणी. एकाला चार महिने पाणी मिळाले, दुसऱ्याला अठरा दिवस. पुढे पीक पाहून आपण मातीच्या गुणांवर चर्चा करतो!

एक उदाहरण मात्र मी या चर्चेत प्रत्येक वेळी पुढे करतो, कारण ते माझ्या बाजूचे आहे आणि काहीसे विरुद्ध बाजूचेही. २०२१ च्या नोव्हेंबरअखेर आपला महिला संघ ॲमेझॉनच्या काठी मानौस शहरी गेला आणि आठवडाभरात ब्राझील, चिली आणि व्हेनेझुएला या तिघांशी खेळला. ब्राझीलच्या सामन्यात पहिल्याच मिनिटाला देबिन्याने गोल केला. पुढे बुकारामांगाला कोलंबियाला हरवणारी तीच ही देबिन्या. आता डझनभर गोल बसणार असे वाटत असताना आठव्या मिनिटाला मनीषा कल्याण हिने मुसंडी मारून बरोबरी साधली. आडनाव वाचून आमच्या स्टेशनावर काही लोक हरखले होते, पण तिचा आमच्या कल्याणशी काही संबंध नाही. ती पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्यातली. सामना ६-१ असा गेला. मग चिलीकडून ३-०. मग व्हेनेझुएलाकडून २-१, आणि त्यात आधी गोल केला होता तो आपल्या ग्रेस डांगमेईने. सहा, तीन, दोन. अर्थात ब्राझीलपेक्षा चिली आणि चिलीपेक्षा व्हेनेझुएला कमी बलवान, हे लपवून मला युक्तिवाद जिंकायचा नाही. पण तिसऱ्या सामन्यात आपल्या मुली चेंडू मिळाल्यावर मान वर करून पाहत होत्या, पहिल्या सामन्यात त्या फक्त पायांकडे पाहत होत्या. आठवड्याभराच्या शेजाराने एवढे घडले. ते घडून सातेक आठवडे होतात तोच नेरूळचा तो एकुलता एक सामना आला.

५ जुलै २०२५ ला थायलंडच्या चिआंग माई येथे भारताने यजमानांनाच २-१ असे हरवले आणि २०२६ च्या आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. पात्रता फेरी खेळून, यजमानपदाच्या वशिल्याशिवाय. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोरचे. त्या विजयाची बातमी आमच्याकडच्या वर्तमानपत्रात खेळाच्या पानावर, क्रिकेटच्या कसोटीखाली होती. तक्रार नाही, ती कसोटीही चांगली चालली होती.

माझी भाची डोंबिवलीला तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या एका टर्फवर आठवड्यातून दोनदा खेळते. सहाजणी एका बाजूला, सहाजणी दुसऱ्या बाजूला, आणि नेहमी त्याच बाराजणी. परवा तिला काइसेदोचा तो सिडनीचा गोल दाखवला. तिने तो चार वेळा पाहिला. मला वाटले, ही आता पायाच्या करामतीबद्दल विचारील. ती म्हणाली, “मामा, कळव्याच्या किंवा अंबरनाथच्या मुलींची टीम असेल का रे कुठे? आम्हांला दुसऱ्या कुणाशी तरी खेळायचं आहे.” मी चौकशी चालवली आहे. कळव्याला एक टीम आहे असे कळते. मैदानाचे अजून जमत नाही.